बुलेटचा पायलट जेट: नंबर कुठला टाकायचा?

(दृश्य: पुण्यातलं गॅरेज. कास्ट आयर्न इंजिनची बुलेट ३५० मेन स्टँडवर चालू आहे. अ‍ॅमीटरची, म्हणजे बॅटरीत करंट येतो की जातो ते दाखवणाऱ्या मीटरची, सुई थरथरतेय.)

सत्तर मिलिमीटर बोअर, नव्वद मिलिमीटर स्ट्रोक. ३४६ सीसीच्या या इंजिनाला जडशीळ फ्लायव्हील आहे, म्हणून जुनी बुलेट इतकं सावकाश आयडलिंग घेते, म्हणजे उभ्या गाडीत, थ्रॉटल न देता, इंजिन इतकं हळू चालतं. आणि म्हणूनच मालक मंडळी त्याच्या मागे लागतात. ठोके मोजता आले पाहिजेत, हा हट्ट! हेडलाइट लावून आयडलिंग इतकं खाली आणलं की सुई उणे बाजूला झुकते आणि बॅटरी उतरायला लागते. पण हे मालकाला सांगणार कोण?

(क्लोजअप: तळहातावर पितळी जेट.)

सिग्नलला गाडी बंद पडली की संशय याच्यावर. पायलट जेट, गॅरेजच्या भाषेत स्लो जेट: हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा. आयडलपासून साधारण पाव थ्रॉटलपर्यंतचा कारभार मुख्यतः याचा. शहरात गाडी त्याच्या पलीकडे जाते तरी किती? ग्रिपवर चिकटपट्टी लावून पाव थ्रॉटलची खूण करा आणि लक्ष्मी रोडवरून एक फेरी मारा, कळेल.

मिककार्बच्या व्हीएम २४ कार्बोरेटरमध्ये बहुधा २५ नंबरचा पायलट सापडतो. मग प्रश्न येतो, कंपनीने ठरवलेला नंबर बदलायचाच कशाला? कारण तो ठरला तेव्हाचं पेट्रोल वेगळं होतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. जेट तोच, भोक तेवढंच, पण मिश्रण आता लीन पडतं, म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून हे सांभाळून घेते. कार्बोरेटरला सेन्सर कुठला!

तरीही लगेच जेट बदलू नका. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), ठिणगीच्या पॉइंटचा गॅप, एअर फिल्टर, फ्लोटची लेव्हल (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी) बघा. आणि कार्बोरेटरचा फ्लँज, म्हणजे तो इंजिनाला जिथे नटांनी बसतो ती सपाट कड.

(क्लोजअप: फ्लँजवर उभी धरलेली स्टीलची पट्टी. मधून उजेड दिसतो.)

पट्टीखालून उजेड येतोय, दिसला? दोन नट कचकचून आवळले की फ्लँज असा वाकतो. फटीतून हवा आत शिरते, आणि लक्षणं हुबेहूब लहान जेटची: आयडलिंग वरखाली, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके. अशा गाडीत मोठा जेट टाकणं म्हणजे गळक्या छपराखाली मोठी बादली ठेवणं. फ्लँज घासून सपाट करा, पॅकिंग नवं टाका.

एवढं झालं की इंजिनालाच विचारायचं. पाच-सहा किलोमीटर फिरवून गाडी गरम करा. फिल्टरच्या बाजूचा एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या. आवळलात तर टोक खराब झालंच म्हणून समजा. मग दीड फेरा बाहेर. आता पाव-पाव फेरा फिरवत कान द्या. जिथे इंजिन सर्वांत वर चढतं ती तुमची जागा. रेस जास्त वाटली तर दुसऱ्या स्क्रूने स्लाइड (थ्रॉटलसोबत वरखाली होणारा, हवेची वाट उघडणारा तुकडा) खाली घ्या आणि पुन्हा शोधा.

ती जागा एक ते दोन फेऱ्यांच्या दरम्यान आली तर जेट बरोबर आहे, हात लावू नका. स्क्रू जवळजवळ बंद केल्यावरच इंजिन खूश होत असेल, तर त्याला पेट्रोल कमी पडतंय. जेटचा नंबर एक पायरी वर न्या. अडीच फेऱ्यांच्या पुढे जावं लागत असेल, तर आहे तो जेट मोठा पडतोय, नंबर एक पायरी खाली आणा. स्क्रू कितीही फिरवून इंजिनाला काहीच फरक पडत नसेल, तर जेट किंवा त्याची वाट तुंबली आहे.

तुंबलेल्या जेटमध्ये तार घालणारे मिस्त्री अजून आहेत. पितळ मऊ असतं. तार फिरली की २५ चा जेट कितीचा झाला हे देवाला ठाऊक. क्लीनर मारा, हवा मारा, उजेडात धरून बघा.

(दृश्य: २५ नंबर कोरलेले दोन जेट, पाठीमागून उजेड. दोन्हींची भोकं वेगळी.)

दोन्हींवर नंबर एकच, भोकं बघा. डावा स्वस्तातला. नंबर ठोकायला काय लागतं? आणि अमाल, केहिन, मिकुनी यांचे नंबर एकमेकांशी जुळवत बसू नका. प्रत्येकाचं माप वेगळं.

घाट चढून महाबळेश्वरला गेलात, तर साडेतेराशे मीटरवर हवा विरळ होते, मिश्रण रिच पडतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं. तेवढ्यासाठी जेट बदलायची गरज नाही. स्क्रू किंचित बाहेर घ्या, खाली उतरलात की परत आत. लडाखचं गणित मात्र वेगळं, तिकडे जाताना खालच्या नंबरचे जेट खिशात असू द्या.

राहिला मेन जेट. त्याची परीक्षा पूर्ण थ्रॉटलवर घ्यायची असते आणि त्याला मोकळा रस्ता लागतो. पुण्यात तो पहाटे सहाच्या आत मिळतो.