कोपऱ्यातल्या चिपा

[फळीवरून ओलं फडकं फिरतं]

ओलं फडकं फिरलं की रेषा अशा वर येतात. फळी एकच आहे. पेटीच्या चारही बाजू हिच्यातूनच निघणार, म्हणून कापायच्या आधीच पेन्सिलीनं क्रम टाकलाय: डावी, पुढची, उजवी, मागची. याच क्रमानं जोडल्या, तर रेषा कोपऱ्यावरून वळते आणि पुढे चालू राहते.

कोपरा देखणा करायचा म्हटलं की आधी नाव निघतं डोव्हटेलचं, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे पसरत जाणारे दाते एकमेकांत अडकवायचं. प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी सामानातही हा सांधा सापडतो. मऊ लाकडाला एकास सहा आणि कठीण लाकडाला एकास आठ असा उतार साधारण धरतात, आणि ड्रॉवरसारखी ओढाताण सोसायची असेल तर हाच घ्यावा. फिंगर जॉइंटचे सरळ चौकोनी दाते यंत्रावर भराभर निघतात, ग्लूला धरायला जागाही भरपूर मिळते. पण या दोन्हींत कोपऱ्यावर लाकडाचा आडवा छेद, म्हणजे तंतू कापलेलं टोक, उघडा पडतो. तेल लागलं की तो काळपट होतो, आणि फडक्याखाली दिसलेली ती रेषा तिथंच तुटते. एवढ्याशा पेटीत मग दातेच दिसतात, लाकूड राहतं बाजूला. तळासाठी आतून आरपार खाच मारली, तर तिचं चौकोनी भोकही कोपऱ्यातून बाहेर डोकावतं.

म्हणून इथं माइटर घेतलाय, तिरक्या टोकांचा सांधा. प्रत्येक टोक 45 अंशांत.

[रंध्याचा जवळून शॉट]

करवतीनं कापलेलं टोक साच्यात धरून त्यावर रंध्याचा एक हलका हात. केसाएवढी साल निघतेय. एवढी काटेकोरी कशासाठी? चार कोपरे म्हणजे आठ छेद. प्रत्येक छेद एकाच दिशेनं अर्धा अंश चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट उरते.

आता चारही बाजू ओळीनं मांडल्या, बाहेरून चिकटपट्टी लावली, पालथ्या घातल्या. आडवा छेद ग्लू पिऊन टाकतो. म्हणून आधी एक पातळ हात, जरा थांबून दुसरा. मग सगळी ओळ गुंडाळायची. तीन कोपऱ्यांत रेषा जुळते, चौथ्यात फळीची दोन टोकं एकत्र येतात, तिथं जुळत नाही. तो कोपरा मागे ठेवायचा, पेटीला पाठ कशाला असते!

[पेटी कोपऱ्यावर उभी, करवत खाली उतरते]

ग्लू वाळलाय. नुसत्या ग्लूवरचा माइटर कच्चा, आणि सजावटही इथूनच सुरू होते. बाजू 10 मिलिमीटर जाड, म्हणजे कोपऱ्यातून आतपर्यंतचं अंतर साधारण 14. करवतीनं कोपऱ्यावर पाडलेली खाच 10 ते 11 वर थांबते. आणखी उतरली तर आत भोक पडेल. या खाचेत गडद लाकडाची चीप, करवतीच्या पात्याएवढीच जाड. ठोकावी लागली तर जास्त जाड आहे, अंगठ्यानं सरकून घट्ट बसली पाहिजे. चिपेचे तंतू तिच्या लांबीच्या दिशेनं, कोपऱ्याला ओलांडून जायला हवेत. आडवे गेले तर ती बिस्किटासारखी मोडते.

किती चिपा आणि कुठं, यात खरी मजा आहे. समान अंतरावर तीन ठेवल्या तर शिस्तशीर दिसतं, खाली दोन जवळजवळ आणि वर एक ठेवली की नजर थोडी खेळते. पेटी बंद जोडून नंतर झाकण कापून काढणार असाल, तर कापाच्या रेषेवर चीप येऊ देऊ नका. इथं वर एक आहे, ती झाकणाच्या वाट्याला गेलीये.

[पटाशी]

बाहेर आलेलं टोक पटाशीनं उतरवताना धार कोपऱ्याकडून आत न्यायची. उलट नेली तर कोपऱ्यावरचे तंतू उचकटतात.

[तेलाचा पहिला हात]

ऋतू बदलला की लाकूड रुंदीत आकसतं, फुगतं, आणि माइटर आतून किंवा बाहेरून किंचित उघडू पाहतो. चिपा तो धरून ठेवतात. बिजागऱ्या बसवायच्या त्या तेल पूर्ण वाळल्यावरच.