काळ्या दगडाचे रंग

(दृश्य: लोणार विवराचा काठ. पहाट. खाली धुकं.)

बुलडाणा जिल्ह्यातलं हे लोणार. इथे अशनी आदळला, काळा पाषाण फुटला, वितळला, आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा हा वाटोळा खड्डा पडला. बेसॉल्ट या काळ्या खडकात झालेली विवरं पृथ्वीवर मोजकीच, आणि त्यांत हे फार नीट टिकलेलं. पौर्णिमेच्या चंद्रावर आपण लेकरांना ससा दाखवतो ना, तो ससाही बेसॉल्टचाच. म्हणून तर चंद्राचा अभ्यास करणारे लोणारची वाट धरतात.

मी याच भागातल्या शाळेत चित्रकला शिकवतो. आज गोष्ट सांगायची आहे ती त्या सशाच्या अंगावरून फिरून आलेल्या चित्रकाराची.

(दृश्य: चंद्र, हळूहळू जवळ येणारा.)

ॲलन बीन. जन्म १९३२ चा, टेक्सासमधल्या व्हीलर गावचा. नौदलात वैमानिक झाले. दिवसा नव्या विमानांच्या चाचण्या घ्यायच्या आणि संध्याकाळी चित्रकलेच्या वर्गाला जाऊन बसायचं. जिवावरचं काम उरकून आलेला माणूस पेन्सिलीला टोक काढतोय, या गोष्टीचं मला फार अप्रूप वाटतं.

१९६३ साली नासाने त्यांची निवड केली. १४ नोव्हेंबर १९६९ ला त्यांचं यान अपोलो १२ पावसाळी आभाळातून चंद्राकडे निघालं आणि पहिल्याच मिनिटात त्यावर दोनदा वीज पडली. जमिनीवरून सूचना आली, आणि यानाची बिघडलेली यंत्रणा ताळ्यावर आणणारं ते बटण बीन यांनी दाबलं. पाच दिवसांनी मोहिमेचे प्रमुख पीट कॉनराड यांच्या पाठोपाठ ते 'वादळांचा महासागर' या मैदानावर उतरले. चंद्रावर पाऊल ठेवणारा चौथा माणूस.

तिथे एक चूक झाली. चंद्राच्या जमिनीवर नेलेला हा पहिला रंगीत टीव्ही कॅमेरा. तो जागेवर लावताना बीन यांच्या हातून सूर्याकडे वळला आणि आतली नळी जळाली. टीव्हीपुढे जागत बसलेल्या लोकांना पुढचं काहीच दिसलं नाही. त्यांच्या चित्रांचं मूळ इथेच असावं, हा माझा अंदाज. पण एवढं खरं, की लोकांचं जे पाहायचं राहून गेलं, ते दाखवण्यात या माणसाने पुढचं आयुष्य घातलं.

१९७३ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावर ५९ दिवस राहून आले. १९८१ मध्ये नासा सोडली आणि पूर्णवेळ चित्रं काढायला बसले.

अडचण होती रंगाची. चंद्राची जमीन राखाडी, आभाळ काळं. तसंच रंगवलं तर चित्र खरं होईल, पण तिथे उभं असताना छातीत जे दाटून आलं, ते कुठे उमटणार?

(दृश्य: शेताचा धुरा. ओल्या दगडाचं जवळून चित्रण.)

मला याचं उत्तर गावातल्या एका आजोबांनी दिलं. धुऱ्यावर बसून मी दगडाचं चित्र काढत होतो, नुसतं काळं. ते म्हणाले, "काया म्हनता ह्याले? पानी टाकून पाहा, गुरुजी." तांब्यातलं पाणी ओतलं. दगडात गंजासारखा तांबडा निघाला, शेवाळी हिरवा निघाला, पांढऱ्या गारेचे ठिपके चमकले, आणि कडेला जांभळी झाक.

बीन यांनीही चंद्राच्या मातीत जांभळा, नारिंगी, हिरवा भरला. पण पाया खऱ्याचा ठेवला. आधी फळीवर जाड लेप थापायचा. तो ओला असतानाच चंद्रावर स्वतः वापरलेल्या हातोडीने त्यावर ठोकायचं, चांद्रबुटाच्या तळव्याचे ठसे उठवायचे. वाळला की त्यावर रंग. शिवाय त्यांच्या अंतराळपोशाखावरच्या बिल्ल्यांच्या कापडात चंद्राची धूळ अडकून राहिली होती. ते कापड कातरून त्याचे बारीक कण ते चित्रात मिसळत. म्हणजे चंद्राच्या चित्रात चंद्र असायचाच, चिमूटभर का होईना.

त्यांचं एक चित्र मला सोडत नाही. नाव 'द फँटसी'. अपोलो १२ चे तिसरे सोबती डिक गॉर्डन. दोघं खाली उतरले तेव्हा ते वर यानात एकटे चंद्राला घिरट्या घालत होते. उतरणं त्यांच्या नशिबी नव्हतंच. बीन यांनी चित्रात तिघांना चंद्रावर एकत्र उभं केलं.

कॉनराड १९९९ मध्ये गेले, गॉर्डन २०१७ मध्ये, आणि २६ मे २०१८ ला बीन.

(दृश्य: शाळेचा व्हरांडा. मुलं माती चाळताना.)

हे सगळं वर्गात सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सातवीची एक पोरगी पिशवीत धुऱ्यावरची माती घेऊन आली. आम्ही ती वस्त्रगाळ केली, बाभळीचा डिंक भिजवला, त्यात कालवली. लोणारचं विवर काढायला घेतलं.

तिच्या चित्राचा काठ तांबडा आहे, मधलं पाणी हिरवं. वर चंद्र काढलाय, त्यालाही हीच माती फासली आहे. कागद अजून ओला आहे. खिडकीत वाळत ठेवलाय, आणि उन्हात त्यावरचे कण लुकलुकताहेत.