दहा बाय सोळाची खोली

मुंबईतली वरळीची बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेली चाळ. मजल्यावर वीस खोल्या, मधून लांब बोळ, संडास सामाईक. खोली 160 चौरस फुटांची. 1920च्या दशकात या चाळी उभ्या राहिल्या.

घर म्हटलं की आपल्याला नवरा, बायको, पोरं दिसतात. गिरणगावात, म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्यांच्या या भागात, सुरुवात तशी झालीच नाही. 1921च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका होत्या जेमतेम सव्वापाचशे. रत्नागिरीकडचे, साताऱ्याकडचे गाववाले एकेका खोलीत दाटीनं राहायचे. माणशी एक ट्रंक, एक वळकटी. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीवाला अंग टाकायचा. जेवण चाळीतल्याच एखाद्या बाईच्या खानावळीत, हिशेब पगाराच्या दिवशी. याच खानावळवाल्या बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी 1975मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

आणि कुटुंब? ते गावाला. ‘कुटुंब’ म्हणजे तेव्हा बायको, हेही लक्षात घ्या. शेत, गुरं, म्हातारी, पोरं, सगळं तिच्या अंगावर. मुंबईहून मनीऑर्डर यायची. याला एकत्र कुटुंब म्हणायचं तर म्हणा. पण त्यातला कर्ता पुरुष शिमग्याला नि गणपतीला येणारा पाहुणा होता.

पुढे बायका मुंबईला आल्या. खोलीत पडदा लागला, पोटमाळा चढला. गावाहून आलेला पुतण्या, नोकरी शोधणारा मेव्हणा, तेही तिथंच. घरात नवं लग्न झालं की बाकीच्यांची अंथरुणं बोळात.

18 जानेवारी 1982. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. पगार थांबला. कोणी गाव गाठलं. मागे राहिलेल्या कित्येक घरांत बाईनं धुणीभांडी धरली, पोळ्या लाटून दिल्या, आणि रेशनचे पैसे कोणाला मागायचे, हे पोरांना न सांगता कळलं.

ऑगस्ट 2025. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात वरळीतल्या 556 कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर 500 चौरस फुटांचं, संडास आत.

पण खोली होती आजोबांच्या नावावर. एक मुलगा बदलापूरला, एक विरारला, धाकटा इथंच राहिलेला. असं असलं की कागद निघतात, पांगलेले सगळे पुन्हा एका खोलीत जमतात. या वेळी लग्न होऊन गेलेल्या आत्यालाही बोलावणं जातं. तिची सही लागते.