चहा स्वस्त झाला होता, तरीही बॉस्टनने तो समुद्रात का फेकला?

नमस्कार. 2026 हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे 250 वे वर्ष असल्यामुळे या वाहिनीवर गेले काही महिने एकच मागणी सतत येत आहे. वसाहती आणि ब्रिटन यांच्यात युद्धाआधी नेमके काय बिनसले, ते सविस्तर सांगा, असे आपण लिहीत आहात. मागणीबरोबरच आपल्यापैकी अनेकांनी उत्तरही लिहिलेले असते: ‘इंग्रजांनी चहावरचा कर वाढवला, म्हणून लोकांनी चहा बुडवला.’ हे उत्तर चुकीचे आहे, आणि आजचा बराचसा वेळ मी त्यासाठीच राखून ठेवला आहे.

सुरुवातीचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून तो भराभर सांगतो. सात वर्षांचे युद्ध 1763 मध्ये संपले, फ्रान्स उत्तर अमेरिकेतून जवळपास हद्दपार झाला आणि ब्रिटनच्या डोक्यावर सुमारे 13 कोटी पौंडांचे कर्ज उरले. अमेरिकेत ठेवलेल्या सैन्याच्या खर्चाचा काही वाटा वसाहतींनी उचलावा, असे लंडनने ठरवले. 1765 मध्ये स्टँप ॲक्ट आला आणि दस्तऐवज, वर्तमानपत्रे, परवाने, इतकेच काय पत्त्यांचे जोडही मुद्रांकाखाली आले. मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील बॉस्टनमध्ये मुद्रांक वितरक अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा झाडाला टांगला गेला, पुढे तेव्हाचे उपगव्हर्नर थॉमस हचिन्सन यांचे घर लुटले गेले, आणि ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. मार्च 1766 मध्ये संसदेने तो कायदा मागे घेतला खरा, पण त्याच दिवशी दुसरा कायदा करून वसाहतींना सर्व बाबतींत बांधील ठरवण्याचा आपला अधिकार तिने जाहीर केला. रक्कम सोडली, हक्क सोडला नाही. पुढच्या दहा वर्षांचे भांडण समजून घ्यायचे असेल, तर हा दिवस विसरून चालणार नाही.

आता चहाकडे येऊ. 1767 मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांच्यावर आयातशुल्क बसवले. व्यापाऱ्यांनी ब्रिटिश मालावर बहिष्कार घातला आणि 1770 मध्ये चहा वगळता बाकीची शुल्के रद्द झाली. चहावर रत्तलामागे 3 पेन्स राहिले. 1773 च्या चहा कायद्याने हा आकडा एका पेन्सनेही वाढवला नाही. कायद्याने केले ते असे: ईस्ट इंडिया कंपनीला आपला चहा लंडनच्या लिलावात विकण्याची जी सक्ती होती ती उठवली, ब्रिटनमध्ये भरलेले शुल्क परत देण्याची सोय केली, आणि आपणच नेमलेल्या अडत्यांमार्फत थेट अमेरिकेत विक्री करण्याची मुभा दिली. मधले दलाल गेले, मधले शुल्क गेले, आणि चोरट्या मार्गाने येणाऱ्या डच चहाशी टक्कर देईल इतका कंपनीचा चहा स्वस्त होणार होता.

मग राग कशाचा? तीच गोष्ट आता दुसऱ्या बाजूने पाहू. 1764 मध्ये, म्हणजे स्टँप ॲक्टच्याही आधी, संसदेने परदेशी काकवीवरील शुल्क गॅलनमागे 6 पेन्सवरून 3 पेन्सवर आणले. दर निम्मा झाला आणि असंतोष वाढला. कारण जुने 6 पेन्स फारसे कोणी भरतच नव्हते. नवे 3 पेन्स मात्र कसोशीने वसूल होणार होते, आणि त्यासंबंधीचे खटले पंच नसलेल्या नौदल न्यायालयांत चालवता येणार होते. न्यू इंग्लंडमधील, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या ईशान्येकडील वसाहतींतील, रमच्या भट्ट्या या काकवीवर चालत असल्यामुळे झळ खरी होती, हे मी नाकारत नाही. परंतु कर किती, हा एवढाच प्रश्न असता, तर दर उतरल्यावर संताप चढला नसता.

मी इतिहासाच्या शिकवण्या घेत असे, तेव्हा एका मार्गदर्शक पुस्तिकेत या प्रश्नाचे छापील उत्तर ‘चहावरील करात मोठी वाढ’ असे होते आणि माझे हुशार विद्यार्थी ते तोंडपाठ करून येत. त्यांना समजावून सांगताना मला फार त्रास होई, कारण परीक्षेत गुण त्याच उत्तराला मिळत. मुलांना खोटे कारण शिकवले, की पुढचे सगळे प्रसंग त्यांना विक्षिप्त वाटू लागतात, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.

आता तिसरी बाजू, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: हा पैसा जाणार कुठे होता? टाउनशेंड यांच्या शुल्कातून वसाहतींचे गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार देण्याची योजना होती. तोवर हे पगार बहुतेक ठिकाणी स्थानिक विधिमंडळे मंजूर करत, आणि गव्हर्नराला वठणीवर आणण्याचे तेच त्यांच्या हातातले साधन होते. सोसायटीच्या व्यवस्थापकाचा पगार सभासदांच्या वर्गणीतून न जाता परस्पर बिल्डर देऊ लागला, तर तो व्यवस्थापक कोणाचे ऐकेल, याचा विचार करून पाहा. स्वस्त चहाची पुडी विकत घेणारी गृहिणी नकळत त्या पगाराला हातभार लावणार होती. चहा जितका स्वस्त तितका तो खपणार, आणि खपला की संसदेचा हक्क व्यवहारात मान्य झाला असा त्याचा अर्थ होणार, ही भीती होती. संसदेत विल्यम डाउड्सवेल यांनी पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांना बजावलेही होते, की हे शुल्क काढले नाही तर अमेरिकन लोक चहा घेणार नाहीत. नॉर्थ यांनी 3 पेन्स काढले नाहीत.

एका दर्शकांनी लिहिले आहे, की हे सगळे तस्करांचे कारस्थान होते आणि तत्त्वाची भाषा निव्वळ देखावा होती. डच चहाच्या तस्करांचा धंदा बुडणार होता, हे खरे. रीतसर व्यापार करणारेही अडचणीत येणार होते, कारण माल मोजक्या अडत्यांनाच मिळणार होता आणि बॉस्टनमधील त्या अडत्यांत खुद्द गव्हर्नर हचिन्सन यांचे दोन मुलगे होते. परंतु स्वार्थ आणि तत्त्व एकाच माणसाच्या मनात एकत्र नांदू शकतात, आणि इतिहासात ते बहुधा तसेच आढळतात.

दुसरी एक टिप्पणी तर प्रत्येक व्हिडिओखाली येते: तो चहा आपल्या आसामचा होता. तो आसामचा नव्हता. त्या 342 पेट्यांतील चहा चीनचा होता, आणि त्यात बोही नावाचा काळा चहा सर्वाधिक होता. आसामात चहाची लागवड त्यानंतर साठेक वर्षांनी सुरू झाली. भारताचा संबंध आहे तो कंपनीच्या दिवाळखोरीशी. 1769-70 च्या बंगालच्या भीषण दुष्काळात माणसे मरत असतानाही कंपनीची सारावसुली थांबली नाही. 1772 मध्ये मात्र तीच कंपनी आर्थिक संकटात सापडली आणि न विकलेला लाखो रत्तल चहा तिच्या गोदामांत पडून होता. 1773 मध्ये ब्रिटिश सरकारने तिला 14 लाख पौंडांचे कर्ज दिले, तिच्या कारभारावर नियंत्रण आणणारा रेग्युलेटिंग ॲक्ट लावला आणि चहा कायदाही केला. याच रेग्युलेटिंग ॲक्टमुळे मुंबईकर इंग्रजांवर कलकत्त्याची देखरेख आली, आणि म्हणूनच 1775 मध्ये मुंबईने राघोबादादांशी केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने नामंजूर करून पुढच्या वर्षी पुरंदरचा तह घडवला. पेन्सिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सन यांनी 1773 च्या अखेरीस टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात बंगालमधील मृत्यूंचा दाखला देऊन, अशी कंपनी आपल्या दारात येत आहे, असा इशारा दिला होता. बंगालचे ते दुःख हजारो मैलांवरच्या माणसाने वाचले आणि त्यातून स्वतःसाठी अर्थ काढला, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रत्यक्ष 16 डिसेंबर 1773 च्या रात्रीविषयी थोडेच बोलतो. चहा घेऊन आलेले ‘डार्टमथ’ जहाज बॉस्टन बंदरात येऊन वीस दिवस भरत आले होते आणि शुल्क न भरल्यास माल जप्त होणार होता. ओल्ड साउथ सभागृहात हजारो लोक गव्हर्नरच्या उत्तराची वाट पाहत होते. चहा घेऊन जहाज परत जाऊ देण्यास हचिन्सन यांनी नकार दिला. त्यानंतर मोहॉक या मूळनिवासी अमेरिकन लोकांचा वेश घेतलेल्या जमावाने तीन जहाजांवर चढून सुमारे 92,000 रत्तल चहा पाण्यात लोटला. ओहोटी असल्यामुळे तो उथळ पाण्यात ढीग होऊन साचला, आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी होड्या नेऊन वल्ह्यांनी झोडपून तो बुडवला. कॉनर नावाच्या एकाने कोटाच्या अस्तरात चहा भरून घेतला होता. त्याला पकडून कोट फाडून घेण्यात आला. चहा कोणाच्याही घरात जाऊ द्यायचा नाही, याबाबत ही माणसे इतकी काटेकोर होती.

स्वातंत्र्याची ही भाषा सर्वांसाठी नव्हती, हेही इथेच सांगितले पाहिजे. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील गुलामांनी आपल्या मुक्ततेसाठी गव्हर्नर आणि विधिमंडळाकडे अर्ज केले होते. त्यांना मुक्ती मिळाली नाही.

‘कर वाढवला म्हणून’ या उत्तराचा सर्वांत ठाम प्रतिवाद 1774 मध्ये सापडतो. चहाच्या नासाडीची शिक्षा म्हणून संसदेने चार कायदे केले आणि त्यांपैकी एकानेही नवा कर बसवला नाही. 1 जूनपासून बॉस्टन बंदर बंद झाले. मॅसॅच्युसेट्सचे वरिष्ठ मंडळ राजाच्या नेमणुकीचे झाले, आणि गव्हर्नरच्या परवानगीवाचून गावसभा वर्षातून एकदाच घेता येईल, असे ठरले. आरोपी अधिकाऱ्यांचे खटले वसाहतीबाहेर नेण्याची आणि सैन्याच्या निवाऱ्यासाठी इमारती ताब्यात घेण्याची तरतूद झाली. तोवर चहाच्या नासाडीबद्दल नाराज असलेल्या वसाहतींनाही आता आपल्या विधिमंडळांचे भवितव्य दिसू लागले. दक्षिण कॅरोलिनाने बॉस्टनला तांदूळ पाठवला, आणि 5 सप्टेंबर 1774 रोजी जॉर्जिया वगळता बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियाच्या कार्पेंटर्स हॉलमध्ये एकत्र बसले. त्यांनी 1 डिसेंबरपासून ब्रिटिश माल आयात न करण्याचा ठराव केला आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी गावोगावी समित्या नेमण्यास सांगितले. या समित्यांनी सत्ता कशी हाती घेतली आणि 19 एप्रिल 1775 रोजी लेक्सिंग्टनला गोळीबार कसा झाला, ते पुढील भागात पाहू.