सिंधू खोटं का बोलते?

श्रोतेहो, नमस्कार.

'एकच प्याला' मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या गावच्या गणेशोत्सवात, हौशी नटांनी केलेलं. शेवटचा अंक चालला होता. दारूच्या नशेतल्या नवऱ्याच्या मारानं तान्हं मूल गेलेलं, सिंधू जखमी होऊन पडलेली आणि फौजदार चौकशीला आलेला. सिंधू नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटी जबानी देते. माझ्या मागे बसलेल्या एक बाई न राहवून मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, सांग की खरं!" त्यांच्या शेजारच्या आजींनी मात्र पदर डोळ्यांना लावून रंगमंचाकडे बघत हात जोडले. एकाच सतरंजीवर बसलेल्या त्या दोघी माझ्या मनातून आजही जात नाहीत, आणि तेव्हापासून हे नाटक मला निव्वळ दारूवरचं नाटक वाटत नाही.

नाटककार राम गणेश गडकऱ्यांना या नाटकाचा प्रयोग बघायला मिळाला नाही. 23 जानेवारी 1919 ला सावनेरला ते गेले, आणि महिन्याच्या आत, 20 फेब्रुवारीला, बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीनं पडदा वर केला. गणपतराव बोडस सुधाकर झाले होते, बालगंधर्व सिंधू. कथा आपल्याला ठाऊक आहेच. हुशार, मानी वकील सुधाकर. कोर्टात अपमान होतो, काही महिन्यांपुरती वकिलीची सनद जाते, आणि त्याचाच कारकून तळीराम दुःख विसरायला त्याच्या हातात पहिला प्याला देतो.

त्या पहिल्या प्याल्याला एवढं वजन का? कारण बघणाऱ्यांच्या मनात सुरापान हे ब्रह्महत्येच्या पंगतीला बसणारं महापातक होतं. शिवाय दारू हा गोऱ्या साहेबाचा नाहीतर 'खालच्या' वस्तीचा नाद, अशी पांढरपेशांची समजूत होती. सरकारला दारूवरच्या अबकारी कराचं उत्पन्न हवं होतं. पुण्यात 1908 मध्ये टिळकांच्या पुढाकारानं दारूच्या दुकानांसमोर गिऱ्हाइकांना अडवणारी निरोधनं झाली होती. अशा काळात गडकऱ्यांनी बाटली नेऊन ठेवली ती शिकलेल्या वकिलाच्या माजघरात. गल्लोगल्ली सभा आणि मंडळं निघत होती, म्हणून तळीरामाच्या पिणाऱ्यांचंसुद्धा 'आर्य मदिरा मंडळ'. प्रेक्षक खो खो हसायचे, आणि त्यातल्या कित्येकांना हसताना स्वतःचा एखादा मित्र आठवत असणार.

सुधाकराला ठाम वाटतं की या वाटेवरून परत येता येत नाही. त्याच्या काळात हा आजार आहे असं सांगणारं कोण होतं? 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना अमेरिकेत सुरू झाली 1935 मध्ये, पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं 1986 मध्ये. सुधाकरापुढे होते ते फक्त पाप आणि निश्चय. निश्चय मोडला की माणूसच मोडला, असा हिशेब. आज व्यसनमुक्तीच्या भाषेत बोलणाऱ्या आपल्याला त्याच्या त्या लांब भाषणांमधली हताशा अतिरेकी वाटते. त्याच्यापुरती ती शब्दशः खरी होती.

पण मला बोलायचंय ते सिंधूबद्दल. तिचा भाऊ पद्माकर पैसेवाला आहे, बहिणीवर जीव टाकणारा आहे. माहेर उघडं आहे. तरी ती लोकांचं दळण दळते, आणि नवऱ्याचं घर सोडत नाही. का?

त्याच महाराष्ट्रात, त्याच वर्षी, कितीतरी जातींमध्ये काडीमोड होत होती, बायका पाट लावून पुन्हा लग्न करत होत्या. म्हणजे सिंधूची कोंडी सगळ्या मराठी बायकांची नव्हती. ती होती उच्चवर्णीय, पांढरपेशा घराची, जिथे लग्न एकदा लागलं की मोडायची रीतच नव्हती. 1887 मध्ये मुंबईच्या हायकोर्टानं नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना सांगितलं होतं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. मुंबई प्रांतात सगळ्या हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला 1947 मध्ये. आणि कायद्याहूनही घट्ट होती ती कीर्तनातून, व्रतांच्या कहाण्यांतून लहानपणापासून कानावर पडलेली पतिव्रता. सावित्री यमाकडून नवऱ्याला परत आणते. अनसूयेपुढे तिन्ही देव तान्ही बाळं होतात.

या कहाण्यांमध्ये व्रताला फळ आहे, हे लक्षात घ्या. बाईनं सोसलं की नवरा जगतो, घर भरतं. प्रेक्षक हीच खात्री मनात घेऊन थिएटरात येत होते. गडकऱ्यांनी सिंधूकडून ते व्रत तसूभरही ढळू न देता पाळून घेतलं आणि फळ मात्र काढून घेतलं. मूल जातं. ती जाते. सुधाकर विषाचा प्याला घेतो. माझ्या मते या नाटकाची शोकांतिका इथे आहे. गडकरी सिंधूची पूजा करतात, यात मला शंका नाही. पण त्यांच्यातल्या नाटककारानं जे लिहिलं ते त्या पूजेच्या पलीकडे गेलं.

नाहीतर त्यांनी गीता कशाला लिहिली असती? तळीरामाची ही बायको तोंडाची फटकळ. सिंधू जे मनातही आणत नाही ते ती उघड बोलते. प्रेक्षक तिला हसतात, आणि तिचं खरं आहे हेही जाणतात. या नाटकाच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी, 1882 मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी हाच जाब छापून विचारला होता: नवरा देव, तर मग त्याचं वागणंही देवासारखं नको का? गीतेच्या फटकळपणात मला तो सूर ऐकू येतो.

आणखी एक गोष्ट विसरू नये. त्या काळी घरंदाज बाईला रंगमंचावर उभं राहता येत नव्हतं. सिंधू लिहिली पुरुषानं, तिची पदं रचली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी, आणि ती उभी केली बालगंधर्वांनी. घरोघरच्या बायका त्या सिंधूला बघून रडत होत्या, तिच्यासारखं व्हायचं म्हणत होत्या. त्या गळ्यातला गोडवा इतका विलक्षण होता की त्या पदांत काय सांगितलंय हे कानाला टोचतच नाही. 'नरकही घोर सहकांता, हो स्वर्ग मला आता.' नवऱ्याबरोबरचा घोर नरक हाच स्वर्ग! ही ओळ एकदा चालीशिवाय, नुसती वाचून बघा.

हे पद आकाशवाणीवर तुम्ही कितीदा तरी ऐकलं असेल, 'कशि या त्यजू पदाला'. पुढच्या वेळी ते लागेल तेव्हा एवढंच आठवा, की ती हे गाते आहे तेव्हा तिला घरी न्यायला तिचा भाऊ आलेला आहे.

नमस्कार.