हिवाळ्यात मोजलेली गुरं

मंडळी, सामाईक कुरण म्हटलं की कुणीही यावं आणि गुरं सोडावीत अशी बेवारस जमीन डोळ्यांपुढे येते. अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडणी केली ती याच चित्रावर: जो तो एकेक जनावर वाढवणार आणि कुरण उजाड होणार. पण ज्या गावांनी शतकानुशतकं जमीन एकत्र वापरली, त्यांनी एक प्रश्न आधीच मिटवलेला असायचा: कुणाची किती गुरं?

स्वित्झर्लंडमधलं टोर्बेल घ्या. १४८३ साली गावकऱ्यांनी डोंगरकुरणं, रान आणि पडीक यांच्या वापरासाठी लेखी करार करून संघ बांधला. १५१७ चा नियम असा की हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावर न्यायच्या. यातली मेख बघा. कुरण किती गुरं पेलेल हे ठरवायचं म्हणजे भांडण आलंच, गवत दरसाल सारखं थोडंच येतं! गोठ्यातल्या गाई मात्र पोरालाही मोजता येतात. शिवाय वैरण स्वतःच्या शेतातली, म्हणजे ज्याची जमीन थोडी त्याचा डोंगरावरचा हक्कही थोडा. सामाईक असलं तरी सगळं समान नव्हतं, हे विसरू नका. जादा गाई नेल्या तर दंड, आणि दंड करणाऱ्या कारभाऱ्याला त्यातला निम्मा. मग तो कशाला डोळेझाक करतोय!

इंग्लंडच्या रूढ कायद्यातही हाच हिशेब ‘लेव्हंट अँड कूशंट’ या नावानं होता. शब्दशः उठणारी-बसणारी जनावरं. म्हणजे हिवाळाभर धन्याच्या जमिनीवर पोसली जातील एवढीच. शेतीची घडीही एकत्र. पुष्कळ गावांत तीन मोठी वावरं असत: एकात गहू किंवा राय, दुसऱ्यात जव, ओट, वाटाणा, तिसरं पडीक. प्रत्येकाचे पट्टे तिन्हींत विखुरलेले, साधारण २०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. इतके लांबोडके का? आठ बैलांचा नांगर वळवणं जिकिरीचं, म्हणून वळणं जितकी कमी तितकं बरं. कापणी उरकली की अख्खं वावर चराईला मोकळं. घोळ व्हायचा तो इथंच: एकाचं पीक मागं राहिलं की सगळ्यांची गुरं खोळंबणार. म्हणून पेरणी-कापणीचं वेळापत्रक गावच ठरवी आणि मोकाट जनावर कोंडवाड्यात जाई. नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टनला अशी शेती आजही चालते.

बाकी बहुतेक ठिकाणी ती मोडली. १६०४ ते १९१४ या काळात संसदेच्या ५,२०० हून अधिक कायद्यांनी सुमारे ६८ लाख एकर जमिनीला खासगी कुंपणं पडली.

उरलेल्या सामाईक जमिनींची नोंद व्हावी म्हणून इंग्लंड-वेल्समध्ये १९६५ चा कायदा आला. त्यानं चराईचा हक्क ठरावीक आकड्यात लिहायला लावला. दिसायला शिस्त, पण आकडा कागदावर चढला आणि त्याची गोठ्याशी असलेली गाठ सुटली. कित्येकांनी आकडे फुगवले. हरकत आली नाही की तेच कायम. काही कुरणांवर तर गवताला झेपणार नाहीत इतक्या मेंढ्यांचे हक्क चढले. २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठानं, निकाल दिला की असा आकडी हक्क शेतापासून सुटा करून विकता येतो. म्हणजे वैरणीची काडीही न पिकवणारा माणूस चराईचा हक्कदार! २००६ च्या कायद्यानं, मोजके अपवाद सोडून, ही सुटी विक्री बंद केली, तीही मागल्या तारखेपासून, २८ जून २००५ पासून. त्याआधी सुटे झालेले हक्क मात्र सुटेच राहिले.