ठेल्यावरचा दिवा आणि चारशेची फिल्म

आत्ता इकडे येताना कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी दहा मिनिटं थांबलो. ठेलेवाले दादा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटत होते. डोक्यावर हातभर अंतरावर एकच बल्ब, त्याखाली पन्नीवर गरगर फिरणारा हात, आणि समोर उभ्या गिऱ्हाइकाचा अर्धा चेहरा. मागे सगळा काळोख. आपल्या गावाकडे रात्री फिल्मवर फोटो कसे काढायचे, हे मला आज सांगायचं आहे, आणि ते सगळं त्या ठेल्यावर होतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

शहरात रात्री फोटो काढणाऱ्याला उजेड चहूबाजूंनी मिळतो. आपल्याकडे एसटी स्टँड मागे पडलं की चार खांब, त्यातले दोन बंद. मग ठेला, मग पिठाची चक्की, मग कुणाच्या ओसरीवरची ट्यूबलाइट. मधलं अंतर चाचपडत जायचं. मी पुष्कळ वर्षं याला अडचण समजत होतो. आता वाटतं, फोटोसाठी यापेक्षा चांगला उजेड नाही. दिवा एकच असला की तो कुठून येतो आणि कुणावर पडतो हे बघणाऱ्याला लगेच कळतं.

माझ्या कॅमेऱ्यात चारशे आयएसओची कृष्णधवल फिल्म असते (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा), इल्फर्डची एचपी-५ प्लस किंवा कोडॅकची ट्राय-एक्स. एका रोलमध्ये ३६ फोटो. ठेल्यावरच्या उजेडात चारशेला हिशेब बसतो एफ २ वर, म्हणजे लेन्सचं तोंड बरंच उघडं ठेवून, १/८ सेकंद. तेवढा वेळ हातातला कॅमेरा हलणारच. म्हणून फिल्म सोळाशेची आहे असं धरून चालतो, म्हणजे १/३० सेकंद मिळतो. दोन स्टॉप प्रकाश कमी पडला (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), त्यासाठी फिल्म डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, जास्त वेळ ठेवायची. आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशांवर एचपी-५ ला एरवी साडेसात मिनिटं लागतात, सोळाशेला १४. याला पुश करणं म्हणतात.

इथे एक गैरसमज आहे आणि तो मला दूर करायचा आहे. पुश केल्यानं फिल्मचा वेग, म्हणजे तिची संवेदनशीलता, वाढत नाही. जिथे थोडा तरी प्रकाश पोचला, तिथलं चित्र जादा वेळेत घट्ट होतं. जिथे पोचलाच नाही, तिथे चौदा काय चाळीस मिनिटं ठेवा, काही उगवणार नाही. नावात ३२०० असलेल्या इल्फर्डच्या डेल्टाची मोजलेली आयएसओदेखील १००० आहे, कंपनीच्या माहितीपत्रकातच तसं दिलं आहे. म्हणजे काळोख काळोखच राहणार. हे एकदा मनापासून मान्य केलं की निम्मी धडपड संपते. उजेड कुठे आहे ते बघायचं, तिथे उभं राहायचं, आणि माणूस त्यात यायची वाट बघायची.

फ्लॅश मी वापरत नाही. फ्लॅश मारला की ठेल्यावरचा बल्ब मेलाच म्हणून समजा. ज्या उजेडात तो माणूस रोज बसतो, तोच फोटोतून जातो. ट्रायपॉडही नको. तो रस्त्यात मांडला की पाच मिनिटांत पंधरा पोरं जमतात आणि ठेलेवाले दादा केस विंचरून सरळ उभे राहतात.

हातातच कॅमेरा धरायचा तर शरीराचा ट्रायपॉड करावा लागतो. कोपरं बरगड्यांना चिकटवा, पाठ खांबाला किंवा भिंतीला टेकवा, पट्टा मानेत ताणून घ्या. श्वास अर्धा सोडा आणि बटण दाबू नका, बोट हळूहळू जड होऊ द्या. एकाच फोटोसाठी लागोपाठ तीन वेळा शटर उडवलं तर मधला बहुधा स्थिर निघतो. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सला एफ २ वर दोन मीटरवरच्या माणसाचा जेमतेम वीतभर पट्टा स्पष्ट येतो, म्हणून फोकस चेहऱ्याच्या उजळ कडेवर धरायचा. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर काळोख बघून गोंधळतो. स्वतःचा तळहात दिव्याखाली धरून मोजा आणि एक स्टॉप वाढवा.

खर्ऱ्याचा एक फोटो मी मुद्दाम १/१५ ला काढला होता. दादांचं तोंड, कपाळावरचा घाम, कानामागची पेन्सिल, सगळं जागच्या जागी. हात मात्र नुसता पांढुरका भोवरा. त्या हलण्यातच त्यांचं काम दिसतं. रात्रीच्या फोटोत सगळंच धारदार हवं हा हट्ट मी तेव्हा सोडला.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांबद्दल मात्र थोडं थांबून बोलतो. दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव निघतात, मंडईच्या जत्रेला, शंकरपटाच्या बैलशर्यतीला, आणि नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. सगळे कॅमेरे रंगमंचाकडे असतात. मी मंचाच्या कडेला नाटकाकडे पाठ करून बसतो. मंचावरचा उजेड सांडून पहिल्या पाच-सहा रांगांवर पडतो. ब्लँकेट पांघरलेल्या बाया, मांडीवर झोपलेली लेकरं, खलनायक आला की एकदम ताठ होणारे म्हातारे. मागच्या रांगा काळोखात विरत जातात. हजारभर माणसं आहेत हे त्या विरण्यातूनच कळतं.

अशाच एका रात्रीचा अख्खा रोल मी गमावला आहे. एप्रिलमध्ये धुवायला घेतला. डेव्हलपर बर्फ लावून २० अंशांवर आणला होता, पण शेवटची धुलाई गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यानं केली. ते पाणी चाळिशीच्या घरात असणार. इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, मऊ पडलं आणि पुसताना बोटाला लागून निघालं. त्या रांगेतल्या एक आजी पुढच्या हंगामात नव्हत्या, त्यांचा दुसरा फोटो माझ्याकडे नाही. तेव्हापासून रसायनांच्या आणि धुलाईच्या पाण्याच्या बाटल्या दोन तास कूलरच्या टाकीत बुडवून ठेवतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते पाणी चोवीस-पंचवीस अंशांवर येतं. मग सगळं त्याच तापमानाला करायचं आणि डेव्हलपिंगचा वेळ कमी करायचा. चोवीसला चौदाऐवजी सुमारे दहा मिनिटं. विदर्भात फिल्म धुवायची तर कूलर हे पहिलं अवजार.

लोकांना विचारून काढा, आणि प्रिंट नेऊन द्या. अंधाऱ्या गल्लीत एकट्या बाईवर कॅमेरा उचलू नका, मग फोटो कितीही चांगला दिसत असो.

शेवटचा एक फोटो सांगतो. शेताची लाइन रात्रीची असली की ओलीतही रात्रीचंच. एका गव्हाच्या वावरात असाच गेलो होतो. भाऊंच्या हातात बॅटरी, तिचा झोत खाली पाण्याच्या दांडावर. मी म्हटलं, तुमचा फोटो काढू का? ते म्हणाले, "काढा न, पण अंधारात काय दिसन बाप्पा?" खरंच काही दिसलं नाही. फिल्मवर आले ते चिखलानं भरलेले दोन पाय, पावड्याचं पातं आणि त्याला वळसा घालून जाणारं पाणी. चेहरा नाही, अंगही नाही. मला प्रिंट द्यायला संकोच वाटत होता. पंधरा दिवसांनी घरी घेऊन गेलो. भाऊ बाहेर गेले होते. त्यांच्या आईनं प्रिंट हातात घेतली, उंबऱ्यापाशी उजेडात नेली आणि उजव्या पायाच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "नख पा याचं. बैलाचा पाय पडला होता लहानपणी. आमचाच हाय हा."